आर्थिक अरिष्ट आणि वऱ्हाडची विद्यापीठे

देशावर आर्थिक अरिष्ट आले की कारखाने बंद पडतात, बँका अडचणीत येतात, बाजारपेठा ओस पडतात; परंतु विद्यापीठ बंद पडल्याचे आपण क्वचितच ऐकतो. प्रवेश होतात, परीक्षा होतात, निकाल उशिरा का होईना लागतात आणि पदवीदान समारंभही पार पडतो. सरकारची तिजोरी रिकामी असताना हे सर्व चालते तरी कसे? पैसा येतो कोठून, आणि जो येत नाही त्याची भरपाई कोण करतो? प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न अमरावती व अकोला येथील दोन विद्यापीठांच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे कितीतरी पदवीधर याच विद्यापीठांनी दिले. त्यामुळे हा विषय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरताच आहे असे समजून कोणी पान उलटू नये.

प्रथम दोन्ही विद्यापीठांची थोडक्यात ओळख करून घेऊ. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले. २००५ पासून ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम (वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता) या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्याहून जुने. त्यासाठी १९६७ साली अकोल्यात मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, तरुणांचे बळी गेले. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते स्थापन झाले. त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र संपूर्ण विदर्भ आहे. एक विद्यापीठ महाविद्यालयांवर उभे आहे, तर दुसरे जमिनीवर. हा फरक पुढे कामी येणार आहे, म्हणून विद्यार्थ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

विद्यापीठाचा खिसा

अमरावतीसारख्या राज्य विद्यापीठाकडे पैसा साधारणपणे चार वाटांनी येतो. पहिली वाट राज्य शासनाच्या अनुदानाची. त्यातून बहुतांशी मंजूर पदांचे पगार भागतात. दुसरी विद्यापीठ अनुदान आयोगाची. हा पैसा इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संशोधन अशा विकासाच्या कामांसाठी येतो आणि योजना संपली की थांबतो. तिसरी वाट संलग्न महाविद्यालयांकडून येणाऱ्या शुल्काची. चौथी परीक्षा शुल्काची. ही चौथी वाट दिसायला सर्वांत किरकोळ, पण अडचणीच्या काळात विद्यापीठाला तीच तारून नेते, कारण ती विद्यापीठाच्या स्वतःच्या हातात असते.

एक साधे गणित करून पाहू. समजा, एखाद्या विद्यापीठात १ लाख विद्यार्थी आहेत आणि वर्षातून दोन परीक्षा होतात. प्रत्येक परीक्षेमागे शुल्क केवळ १०० रुपयांनी वाढवले तर वर्षाकाठी २ कोटी रुपये जमा होतात. मंत्रालयात खेटे घालून २ कोटी आणायला किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही. परीक्षा शुल्काचा ठराव मात्र एका बैठकीत होतो. कोणत्याही विद्यापीठाच्या वित्त अधिकाऱ्याला ही वाट सोपी वाटली तर त्यात नवल नाही. पण १०० रुपये सर्वांना सारखे नसतात. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर यांच्या घरात रोख पैसा येतो तो कापूस वेचणीनंतर, म्हणजे दिवाळीच्या पुढे. महाविद्यालयाचा प्रवेश असतो जून-जुलैत, जेव्हा घरातला शेवटचा पैसा बियाणे-खतात गेलेला असतो. हिवाळी परीक्षेचा अर्ज भरायचा तोही बहुधा पहिली वेचणी विकण्याच्या आधीच. म्हणजे विद्यापीठाची गरज आणि घरची चणचण एकाच वेळी येतात. मग सावकार, नाहीतर आईच्या अंगावरचे किडूकमिडूक.

१९९१ चे अरिष्ट

आता मूळ विषयाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर देशाने पाहिलेले एक सर्वांत कठीण आर्थिक अरिष्ट १९९१ चे. त्या वर्षी जून महिन्यात परकीय चलनाचा साठा इतका घटला की दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले. मे महिन्यात २० टन सोने परदेशी विकावे लागले आणि जुलैत आणखी सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावे लागले. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्याने देशाची आर्थिक दिशाच बदलली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यायचे तर सरकारने आपला खर्च आवरला पाहिजे, ही त्यामागची अट होती.

दिल्लीतल्या या घडामोडी वऱ्हाडातल्या वर्गखोलीपर्यंत कशा पोचल्या, हे पाहणे उद्बोधक आहे. ग्रंथालयापासून सुरुवात करू. परदेशी शास्त्रीय नियतकालिकांची वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागते. १९९०-९१ मध्ये एक डॉलर सरासरी १८ रुपयांना मिळत होता. १९९३-९४ मध्ये तो ३१ रुपयांच्या वर गेला. म्हणजे १०० डॉलरचे जे नियतकालिक १,८०० रुपयांत येत होते, त्याला तीन वर्षांत ३,१०० रुपये पडू लागले, आणि तेही प्रकाशकाने किंमत वाढवली नसेल तर. ग्रंथालयाचा निधी त्या प्रमाणात वाढला नाही की नियतकालिके बंद करणे ओघानेच येते. नवे विद्यापीठ असले तर त्याचा तोटा अधिक, कारण जुन्या विद्यापीठाच्या कपाटात निदान मागची पन्नास वर्षे तरी बांधून ठेवलेली असतात. अमरावती विद्यापीठाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. याच काळात, १९९१ साली, अनुदान आयोगाने देशातील ग्रंथालये एकमेकांना जोडण्यासाठी इन्फ्लिबनेट हा उपक्रम सुरू केला. प्रत्येकाने स्वतंत्रपणे विकत घेण्यापेक्षा वाटून वापरावे, हा विचार अडचणीच्या काळात योग्यच होता. परंतु त्याचा लाभ खेड्यातल्या महाविद्यालयापर्यंत यायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली.

दुसरी गोष्ट पगाराची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. १ जानेवारी १९८६ पासून प्राध्यापकांना नवीन वेतनश्रेणी लागू झाली. वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राने उचलायचा, पण तो ३१ मार्च १९९० पर्यंतच, असे ठरले होते. त्यानंतर सर्व भार राज्यावर. म्हणजे केंद्राने हात काढून घेतला आणि पुढच्याच वर्षी देश अरिष्टात सापडला. वेतन आयोगाचा हा फेरा पुढेही असाच फिरत राहिला. २००६ च्या श्रेणीसाठी केंद्राचा वाटा ८० टक्केच, पण मार्च २०१० पर्यंत. २०१६ च्या श्रेणीसाठी तो ५० टक्क्यांवर आला, तोही मार्च २०१९ पर्यंत. राज्याने यातून काढलेला मार्ग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आहेत त्यांना पूर्ण पगार द्यायचा आणि निवृत्त होतील त्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. प्राध्यापकांच्या संघटना बळकट असल्याने कामावर असलेल्यांचा पगार कमी करणे शक्य नव्हते. जो अजून कामावर लागलाच नाही, त्याची संघटना कोठून असणार?

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक विलक्षण योगायोग घडला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती नाकारण्यात आल्या होत्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या त्या दिल्या, परंतु केंद्रीय सेवा व संस्थांचे दार बंदच होते. चौतीस वर्षांच्या संघर्षानंतर १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देशभर मिळाल्या. दार १९९० मध्ये उघडले आणि १९९१ मध्ये आतला दिवा मंद झाला. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली आपली मुले जेव्हा रांगेत येऊन उभी राहिली, तेव्हा भरती करण्याचीच टाळाटाळ सुरू झाली होती. आरक्षण जागेवर असते. जागाच भरायची नसेल तर आरक्षणाचा कायदा कागदावर सुरक्षित राहतो. आमच्या मते अरिष्टाच्या काळातील शिक्षणाचा अभ्यास करताना हा मुद्दा सर्वांत आधी मांडला पाहिजे, आणि अर्थतज्ज्ञांच्या चर्चेत तो फारसा येत नाही.

१९९२ मध्ये अनुदान आयोगाने न्यायमूर्ती पुन्नय्या यांची समिती नेमली. विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाच्या १५ टक्के रक्कम स्वतः उभारावी आणि दहा वर्षांत ती २५ टक्क्यांपर्यंत न्यावी, अशी शिफारस तिने १९९३ मध्ये केली. ही समिती मुख्यतः केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांसाठी होती, पण वारे सर्वत्र वाहू लागले. १९९७ मध्ये तर केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या एका टिपणात उच्च शिक्षणाची गणना अशा सेवांमध्ये करण्यात आली, की ज्यांवर सवलत देण्याचे विशेष कारण नाही. पदवीचा लाभ पदवी घेणाऱ्यालाच होतो, तेव्हा खर्चही त्यानेच करावा, हा त्यामागचा युक्तिवाद. ज्या वस्तीत पहिला पदवीधर झाला की मागच्या दहा घरांतील मुले शाळेत टिकतात, तेथे हा युक्तिवाद करणारा कधी आला नसावा.

खुर्ची रिकामी, तासिका चालू

रिकाम्या जागेवर शिकवणार कोण? याचे उत्तर म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. त्याला शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात. उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी, दिवाळीची बिनपगारी, परीक्षेचा महिना बहुधा बिनपगारी. आणि वर्षाचे मानधन हाती येते ते कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर. दुसरीकडे नवी महाविद्यालये विनाअनुदान तत्त्वावर निघत गेली. व्यावसायिक शिक्षणात हे धोरण १९८३ मध्येच आले होते. अमरावती विद्यापीठाचा जन्म झाला त्याच वर्षी बडनेरा आणि शेगाव येथे विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांनाही ते हळूहळू लागू झाले आणि २००१ पासून नव्या महाविद्यालयांच्या मंजुरीला ‘कायम विनाअनुदानित’ हे बिरूद चिकटले. या संस्थांनी जागा वाढवल्या हे मान्यच केले पाहिजे. त्या नसत्या तर वऱ्हाडातील अनेक मुलांना पुण्या-मुंबईला जावे लागले असते, किंवा घरीच बसावे लागले असते. परंतु शिक्षणाचा विस्तार झाला तो सरकारच्या पैशाने नाही, हेही नोंदवून ठेवावे.

भरतीचे पुढे काय झाले? २०१७ मध्ये राज्यात प्राध्यापक भरतीवर बंदी आली. २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरण्यास मंजुरी मिळाली. त्यापैकी १,४९२ भरल्या गेल्या आणि उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ मध्ये पुन्हा नव्याने मंजुरी द्यावी लागली. मधल्या काळात करोना आला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न जवळपास एक चतुर्थांशाने घसरले. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्याने विकासाचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता इतर खात्यांची नवी भरती थांबवली. त्या दिवसांत अमरावती विद्यापीठाने आपल्या आवारातील प्रयोगशाळेत करोनाच्या नमुन्यांची तपासणी सुरू केली, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तिजोरी रिकामी असतानाही विद्यापीठ समाजाच्या उपयोगी पडते ते असे. मात्र ती यंत्रे आणि ते तंत्र जाणणारी माणसे आधीच्या वर्षांत कोणीतरी पैसा खर्च करून उभी केलेली होती, म्हणूनच ते शक्य झाले.

शेजारच्या श्रीलंकेत २०२२ मध्ये वेगळे चित्र दिसले. परकीय चलन संपल्यामुळे मार्चमध्ये पश्चिम प्रांतातील शाळांच्या सत्र परीक्षा कागद आणि शाईअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. जूनमध्ये पेट्रोल-डिझेल नाही म्हणून विद्यापीठांचे वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. तेथे अरिष्ट दाराशी येऊन उभे राहिले आणि सर्व जगाने पाहिले. आपल्याकडे ते एकेका निवृत्तीबरोबर एकेक खुर्ची उचलून नेते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही आणि वर्तमानपत्रात बातमीही होत नाही.

अकोल्याची गोष्ट

कृषी विद्यापीठाचे गणित वेगळे. ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १८६२ मध्ये तेथे यादवी युद्ध चालू असताना एक कायदा झाला आणि प्रत्येक राज्याला शेती व तंत्रशिक्षणाची महाविद्यालये काढण्यासाठी सरकारी जमीन देण्यात आली. म्हणजे युद्धाच्या ऐन खर्चातही शिक्षणासाठी कायमची तरतूद केली गेली. भारतात या धर्तीवरचे पहिले विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला निघाले. अकोल्याच्या विद्यापीठाकडेही प्रक्षेत्रे आहेत, रोपवाटिका आहेत. आणि मुख्य म्हणजे बियाणे आहे. विद्यापीठाने पैदासकार बियाणे तयार करायचे, त्यापासून पायाभूत बियाणे आणि त्यापासून प्रमाणित बियाणे होऊन ते शेतकऱ्यापर्यंत पोचायचे, अशी साखळी असते. प्रमाणित बियाणे विकणारे महाबीज हे महामंडळ १९७६ पासून अकोल्यातच आहे. शिवाय भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत ७५ टक्के खर्च परिषद उचलते आणि २५ टक्के राज्य. त्यामुळे राज्याची तिजोरी आटली तरी अकोल्याचा सगळाच पाणीपुरवठा बंद होत नाही.

तरीही अरिष्टाने आपले काम केलेच. ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ हे अकोल्याचे कापसाचे वाण १९८०-९० च्या काळात विदर्भात घरोघर माहीत होते. मार्च २००२ मध्ये केंद्राने खाजगी कंपनीच्या बीटी कापसाला परवानगी दिली आणि पाहता पाहता बाजार खाजगी पाकिटांनी भरून गेला. आपल्या वाणात बीटी गुण आणून ते शेतकऱ्यापर्यंत पोचवायला विद्यापीठ आणि महाबीज यांना पंधराच्या आसपास वर्षे लागली. पेटंट, परवाने, चाचण्या अशी त्याची अनेक कारणे आहेत. परंतु शास्त्रज्ञांच्या रिकाम्या जागा आणि तुटपुंजा संशोधन निधी हेही त्यांपैकी एक आहे, असे आम्हांस वाटते. या पंधरा वर्षांत विद्यापीठ एक दिवसही बंद नव्हते. पदव्या दिल्या जात होत्या, शिवारफेरीला शेतकरी येत होते. केवळ पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात विद्यापीठाचे पाकीट नव्हते, आणि त्याची किंमत तो दुकानात मोजत होता.

येथे दोन्ही विद्यापीठांच्या गोष्टी एका ठिकाणी येऊन मिळतात. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. वर्धा सोडला तर बाकीचे पाच म्हणजे अमरावती विद्यापीठाचे संपूर्ण कार्यक्षेत्र! ज्या पाच जिल्ह्यांतील शेती कर्जात बुडाली असे देशाच्या सरकारनेच मान्य केले, त्याच पाच जिल्ह्यांतील घरांकडून परीक्षा शुल्क घेऊन विद्यापीठ चालवायचे होते. दुष्काळ जाहीर झाला की शासन त्या भागातील विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ करते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ती रक्कम शासनाकडून विद्यापीठाला वेळेवर मिळाली नाही, तर खड्डा पुन्हा विद्यापीठाच्याच निधीत पडतो.

मंदीत उभ्या राहिलेल्या संस्था

हे वाचून विद्यार्थ्यांनी निराश होऊ नये म्हणून थोडे मागे जाऊ. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव निम्म्याच्याही खाली आले आणि वऱ्हाडचा ‘पांढरे सोने’ पिकवणारा कुणबी सावकाराच्या दारात गेला. अशा वेळी, १९३२ मध्ये, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. भाऊसाहेब पंजाबराव देशमुख तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात होते. त्याआधी १९२७ मध्ये त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले होते. त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला होता आणि नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब त्या परिषदेसाठी येथे आले होते. ज्या गावात देवळात जाण्यावरून वाद चालला होता, त्या गावात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसून जेवत आणि शिकत, ही लहान गोष्ट नाही.

बाबासाहेबांनी २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा महायुद्ध नुकतेच संपले होते. महागाई आणि टंचाई यांनी लोक बेजार होते. इमारत नव्हती म्हणून रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींत वर्ग भरले. ते वर्ग सकाळी ठेवण्यात आले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. येथे खर्च वाचवला गेला, पण तो विद्यार्थ्याच्या सोयीने. काटकसर दोन प्रकारची असते, एक जी विद्यार्थ्याला आत घेते आणि दुसरी जी त्याला बाहेर ठेवते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचे चलन कोसळले तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी सहकारी खाणावळी आणि कर्जनिधी उभारले. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’चा मार्ग दाखवला. गाडगे बाबांनी आपली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हे सर्व पहिल्या प्रकारातले. असो. मात्र लोकवर्गणी व त्याग यांचा गौरव करताना सरकारची जबाबदारी विसरता कामा नये. भाऊसाहेब काय किंवा बाबासाहेब काय, दोघांनीही संस्था काढल्या आणि सरकारकडून हक्काने अनुदानही मागितले.

शिष्यवृत्ती हा असाच हक्क. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद मिळवली. १९४४ पासून सुरू झालेली हीच आपली भारत सरकार शिष्यवृत्ती. सालाकडे पाहावे. महायुद्ध चालू होते, बंगालचा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. सरकारकडे पैसा नाही असे म्हणण्यासाठी त्याहून सबळ कारण कोणते असते? शिष्यवृत्ती थांबली की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडून परतावे लागले आणि पुन्हा तेथे जायला १९२० साल उजाडले.

अलीकडच्या काळात या शिष्यवृत्तीचीही ओढाताण झाली. आधीच्या योजनेतील खर्चाच्या पातळीपर्यंत राज्याने द्यायचे आणि त्यावरचे केंद्राने, असे सूत्र होते. योजना बदलली की राज्याचा वाटा एकदम वाढे आणि पैसे अडकत. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असे सरळ सूत्र ठरवून पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून स्वाधार योजनाही आणली. कागदावर हे उत्तम आहे. पण विनाअनुदानित महाविद्यालयाचा गाडा बहुतांशी याच पैशावर चालतो. रक्कम उशिरा आली की महाविद्यालय विद्यार्थ्याकडे बोट दाखवते, विद्यार्थी समाजकल्याण कार्यालयाकडे आणि कार्यालय मंत्रालयाकडे. गुणपत्रिका किंवा टी.सी. अडवली जाते ती या साखळीत सर्वांत दुबळा असलेल्याचीच. असे प्रसंग आमच्या सभासदांच्या घरांतही घडले आहेत.

सभासदांनी काय करावे

विद्यापीठाचा अर्थसंकल्प गुप्त नसतो. तो दरवर्षी अधिसभेपुढे येतो. तो मिळवून वाचण्याची सवय आपल्या अभ्यासवर्गांनी लावून घ्यावी. मंजूर पदे किती आणि रिकामी किती, रिकाम्यांपैकी राखीव किती, एकूण स्वतःच्या उत्पन्नात परीक्षा शुल्काचा वाटा किती, विद्यार्थी कल्याणासाठी ठेवलेली रक्कम खरोखर खर्च झाली की तशीच शिल्लक राहिली, एवढे चार आकडे काढले तरी पुष्कळ कळते. वाणिज्य शाखेच्या आपल्या मुलांना हे काम अवघड नाही. प्रवेश व परीक्षा शुल्क कापसाच्या हंगामानंतर हप्त्याने घ्यावे, ही मागणी तर कोणत्याही खर्चाशिवाय मान्य होण्यासारखी आहे. ती कोणी लेखी केली पाहिजे.

२०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांमधून अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडले जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा आहे. परंतु नुसती पदवी घेतल्याने मतदार होता येत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. अमरावती विद्यापीठाची मागची निवडणूक २०२२ मध्ये झाली आणि अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते. नोंदणीच्या अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची प्रत लागते. ज्यांनी दीक्षान्त समारंभानंतर ते विद्यापीठातून उचललेच नाही, त्यांनी आधी ते काढून आणावे.